मिठाच्या तळ्यातले परागकण



"कॉम्प्युटर सोडून काहीही बोल," असा संयोजकांचा आग्रह होता, म्हणून आज परागकणांबद्दल बोलते. फुलाची आकृती काढून परागकोशाला नाव दिलं, की आपले दोन गुण पक्के व्हायचे. पण त्या कणाचं कवच फार चिवट असतं. हवा न लागणाऱ्या चिखलात ते हजारो वर्षं टिकतं. तळ्यात गाळ थरावर थर साचतो. एकेका थरातले शेकडो कण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजले, की त्या काळी आसपास काय उगवत होतं ते कळतं. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली अशी मोजणी आलेखात मांडून दाखवली.

आपल्याकडे गुरदीप सिंग आणि सहकाऱ्यांनी राजस्थानातल्या सांभर, डीडवाना, लूणकरणसर या खाऱ्या तळ्यांचा गाळ असाच तपासला. काही थरांत पाणकणसासारख्या पाणवनस्पतींचे कण भरपूर सापडले. म्हणजे आजच्या वाळवंटात एके काळी पाऊस बरा होता. त्यावरून सिंग यांनी १९७१ साली मांडलं, की ओल्या काळात सिंधू संस्कृती बहरली आणि पाऊस घटल्यावर ओसरली.

गोष्ट पटण्यासारखी होती. पण १९९९ साली लूणकरणसरच्या गाळाचं नव्याने कालमापन प्रसिद्ध झालं. तळं आटलं होतं हे खरंच, पण हडप्पा-मोहेंजोदडोची भरभराट होण्याच्या कित्येक शतकं आधी! म्हणजे ती शहरं कोरड्या हवेतच उभी राहिली.

आमच्या कामात सर्व्हर बंद पडला, की आधी नोंदींच्या वेळा जुळवतात. नोंद खरी असली तरी घड्याळ चुकलेलं असेल, तर भलत्यालाच दोष लागतो. इथेही परागकण खोटं बोलले नव्हते. काय उगवत होतं ते त्यांनी सांगितलं. कधी, हे कार्बनच्या कालमापनाने ठरवायचं होतं. आणि माणसं का गेली, हे दोघांनाही एकट्याने सांगता येत नाही.

पुढच्या कोरड्या काळांचा त्या शहरांना फटका बसलाच नाही, असं मी म्हणत नाही. पण "पाऊस गेला, म्हणून गाव उठलं" असं आपण आजही चटकन म्हणतो. पाऊस जाणं आणि गाव उठणं यांच्यामध्ये विहिरी, पिकं, बाजार आणि माणसांनी घेतलेले निर्णय असतात. दुष्काळाचं कारण शोधताना तेही तपासूया.