मांडावरची परीक्षा

सिंधुदुर्ग किल्ल्यासमोरच्या या किनाऱ्यावर संगीतशिक्षकांच्या परिषदेसाठी जमलेल्या गुरुजनांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे स्वागत समितीला एकच प्रश्न ठेवायचा आहे: विशारद झालेली मुले उद्या साथीला बसू शकतील का?

या जिल्ह्यात ती परीक्षा देवळापुढे, दशावताराच्या मांडावर होते. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. राजा आपल्या पट्टीत पद उचलतो, मागोमाग स्त्रीपार्टी वेगळ्याच पट्टीत सुरू करतो आणि पेटीवाल्याला तिथल्या तिथे बोटे वळवावी लागतात. युद्ध पेटले की पखवाज आणि झांजेबरोबर लय चढवायची, संवाद आला की मागे सरायचे. ज्याने भूप फक्त काळी एकमध्ये घोटला, तो मध्यरात्री इथे अडतो.

म्हणून अभ्यासक्रम कुचकामी ठरत नाही. टाळी-खाली देत दुगुन, चौगुन म्हणण्याचा रटाळ वाटणारा सरावच चढत्या लयीत सावरतो. स्वरलेखन येणारा वादक नवी चाल ऐकता ऐकता कागदावर उतरवतो. स्टुडिओत त्याची किंमत कळते.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा पोट भरण्याचा विचार त्यात होताच. उपदेशक वर्गातून त्यांनी शिक्षक घडवले. शिष्यांनीही शाळा उभारल्या: बी. आर. देवधरांनी 1925 मध्ये मुंबईत, विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात. पलुस्करांच्या निधनानंतर 1931 मध्येच गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. प्रारंभिक ते अलंकार या त्याच्या परीक्षांना आज गावोगावची मुले बसतात.

दुसरी वाट याच मातीतली. कुडाळजवळच्या सोनवड्यात 1912 मध्ये जन्मलेले वसंत देसाई ‘प्रभात’ फिल्म कंपनीत गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव यांच्या हाताखाली शिकले. पुढे ‘झनक झनक पायल बाजे’ आणि ‘दो आँखे बारह हाथ’चे संगीत त्यांनी दिले. कामावर, जाणत्यांच्या शेजारी बसून मिळालेले ते शिक्षण होते.

या दोन वाटा वर्गातच एकत्र याव्यात, अशी समितीची कळकळीची विनंती आहे. आठवड्यातला एक तास साथीसाठी ठेवा. त्या तासाला पट्टी बदलून वाजवायला लावा, पेटीची अडकलेली सुरी विद्यार्थ्याच्याच हातून मोकळी करून घ्या आणि जाणत्या पेटीवाल्याला मानधन देऊन शिकवायला बोलवा. जत्रा सुरू झाल्या की मुलांना एक रात्र त्याच्या शेजारी बसवा.