किनाऱ्यावरचे हत्ती

हेडफोन लावलेत ना? आज जरा लांब जाऊया, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॅबॉनमध्ये. अख्ख्या देशाची लोकसंख्या आपल्या नागपूर शहराएवढी, आणि ८५ टक्क्यांहून जास्त जमीन जंगलाखाली.

तरी २००२ पर्यंत तिथे एकही राष्ट्रीय उद्यान नव्हतं. माईक फे हा अमेरिकन संशोधक १९९९ मध्ये काँगोच्या जंगलातून चालत निघाला तो २००० च्या डिसेंबरात गॅबॉनच्या समुद्रावर पोचला. तीन हजार किलोमीटरहून जास्त, पायी! (मला ऑफिसात दोन मजल्यांसाठी लिफ्ट लागते, असो.) त्याने काय काय पाहिलं ते राष्ट्राध्यक्ष ओमार बोंगो यांना दाखवलं, आणि २००२ मध्ये एकदम तेरा राष्ट्रीय उद्यानं जाहीर झाली. देशाची सुमारे ११ टक्के जमीन. त्यातलं लोआंगो तर बघाच. जंगल थेट वाळूपर्यंत येतं, हत्ती किनाऱ्यावर फिरतात आणि पाणघोडे चक्क लाटांत उतरतात.

पण नकाशावर रेघ मारली म्हणून शिकारी थांबत नाहीत. ईशान्येकडच्या मिंकेबे उद्यानात आणि आसपास २००४ ते २०१४ मध्ये अंदाजे २५ हजार हत्ती गेले. हस्तिदंतासाठी.

मग उरले किती? घनदाट जंगलात हत्ती दिसतच नाही, मोजणार कसा? तर शेणातून डीएनए काढला. प्रत्येक हत्तीचा युनिक आयडीच तो! तोच हत्ती किती वेळा परत सापडतो, त्यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधला. आम्ही डेटाबेसमधले डुप्लिकेट शोधतो ना, तसंच, फक्त वास जास्त. २०२१ मध्ये आकडा आला: सुमारे ९५ हजार.

मी खूश होऊन हे मामाला फोनवर सांगितलं. मामा दोडामार्गचा. तिकडे कर्नाटकातून हत्ती आले तेही २००२ च्याच सुमारास. केळी, माड, सुपारी, त्याने सगळं आडवं झालेलं पाहिलंय. गॅबॉनच्या शेतकऱ्याचंही तेच, केळी आणि कसावा एका रात्रीत साफ.

मामा म्हणाला, "हत्ती सगळ्यांचो, आणि नुकसान माझ्या एकट्याचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आपलं सांगितलं, तिकडे आता काही गावांत शेताभोवती विजेची कुंपणं घालतायत.

"तेची बॅटरी कोण बदलतलो?" मामाने विचारलं, आणि गुरं बांधायला गेला.