मातीचे नाव आणि सीमाशुल्काचे द्वार

(लघुउद्योजक व कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



माती हा शब्द उच्चारताच आपले मन जन्मभूमीकडे वळते. आजचा विषय मात्र परदेशातून गोण्यांत भरून न्हावा-शेवा किंवा मुंद्रा बंदरात उतरणाऱ्या औद्योगिक मातीचा आहे. तेथे तिला एकच प्रश्न विचारला जातो : तू कोणती माती? याचे उत्तर आयातदाराने खोटे दिले, तर तिजोरीची हानी होते आणि तोच माल देशात बनविणारा उद्योजक मार खातो. अधिकाऱ्याने चुकीचे दिले, तर प्रामाणिक कारखानदार नाडला जातो. विषय रुक्ष आहे. पण स्वदेशीचा विचार करणाऱ्यांनी अशा रुक्ष विषयांकडे पाठ फिरविली, तर ते क्षेत्र दलालांच्या हाती जाते.

मालाचे वर्गीकरण करून शुल्क घेणे ही काही पाश्चात्त्यांनी आपल्याला दिलेली देणगी नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात शुल्काध्यक्षाची कर्तव्ये सविस्तर आली आहेत. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाळा असावी, तिच्यावर ध्वज असावा, इथपासून सुरुवात आहे. बाहेरून येणाऱ्या मालावर सामान्यतः मूल्याचा पाचवा भाग शुल्क सांगितले आहे. परंतु सर्व मालाला एकच दर लावलेला नाही. वस्त्रे, औषधी, लाकूड, कातडी यांच्याच पंक्तीत मातीची भांडी बसविली असून त्यांना विसावा किंवा पंचविसावा भाग इतके हलके शुल्क आहे. शंख, हिरे, मोती, पोवळी यांचे शुल्क मात्र त्या त्या वस्तूच्या जाणकारांकडून ठरवून घ्यावे, असे कौटिल्य सांगतो. आणि सर्वांत मार्मिक भाग पुढेच आहे. हलक्या प्रतीचा नमुना दाखवून किंमत उतरविणारा आणि मौल्यवान माल हलक्या मालाखाली झाकून आणणारा, या दोघांनाही त्याने मूल्य लपविणाऱ्याचाच दंड ठेवला आहे. आजच्या बंदरावर यापेक्षा निराळे काय घडते?

आज आपल्याकडे १९७५ चा सीमाशुल्क दर कायदा आहे. त्याची अनुसूची १९८६ पासून, ज्याला ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ म्हणतात त्या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीवर बेतलेली आहे. त्यातले पंचविसावे प्रकरण खनिजांचे. २५०७ हे शीर्षक केओलिन आणि तत्सम मातींचे, म्हणजे आपण जिला चिनी माती म्हणतो तिचे. चीनमधल्या जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग टेकडीवरून हे नाव जगभर गेले. २५०८ मध्ये बेंटोनाइट, अग्निरोधक माती आणि इतर माती येतात. आपल्या आजीच्या न्हाणीघरातली मुलतानी मातीसुद्धा यातच. तिला पूर्वी स्वतंत्र उपशीर्षक होते, २००७ च्या जागतिक सुधारणेत ते गेले.

खरी मेख प्रकरणाच्या आरंभीच्या टिपेत आहे. माती धुतली, दळली, चाळली, चुंबकाने किंवा तरंगवून शुद्ध केली, तरी ती खनिजच राहते. धुताना रसायन वापरले तरी हरकत नाही. मात्र त्याने केवळ अशुद्धी जावी, मूळ रचना बदलता कामा नये. भाजलेला किंवा मिसळलेला माल, शीर्षकात तशी मुभा नसेल तर, या प्रकरणाबाहेर जातो. केओलिनला भाजण्याची मुभा आहे, म्हणून भट्टीतून काढलेले केओलिनही २५०७ मध्येच राहते. त्याच केओलिनच्या कणांवर रबर किंवा केबल-उद्योगासाठी सिलेनचा लेप चढविला, की मात्र हे घर सुटते.

बेंटोनाइटच्या बाबतीत तर नेहमीच गल्लत होते. त्याच्यावर आम्लाची प्रक्रिया केली, की तेल-गिरण्यांत खाद्यतेलाचा रंग काढणारी ‘ब्लीचिंग अर्थ’ तयार होते. सोड्याची प्रक्रिया केली, की ते पाण्यात अधिक फुगते आणि फौंड्रीतल्या मोल्डिंगच्या वाळूला बांधून धरते. आंतरराष्ट्रीय प्रणालीच्या स्पष्टीकरणात्मक टिपा या दोन्ही प्रकारांना सक्रिय केलेली माती मानतात आणि ३८०२ मध्ये, म्हणजे रासायनिक उत्पादनांच्या प्रकरणात बसवितात. डोळ्यांना दोन्ही गोण्यांत तीच करडी पूड दिसते. कागदावर नुसते ‘बेंटोनाइट’ लिहिले, की प्रक्रिया केलेला माल कच्च्या खनिजाच्या दारातून आत येतो.

हा घाव कोणाला बसतो? कच्छच्या भूमीत उत्तम बेंटोनाइट आहे आणि आपण ते मोठ्या प्रमाणावर निर्यातही करतो. त्याच्यावर येथेच प्रक्रिया करण्यासाठी ज्यांनी यंत्रे बसविली, कामगार नेमले, त्यांच्या वाट्याला ही अन्याय्य स्पर्धा येते. कच्चे द्यावे आणि पक्के घ्यावे, हा दादाभाईंच्या काळापासून आपल्या परिचयाचा व्यवहार आहे. फरक इतकाच, की येथे तो एका शब्दाच्या आडून होतो. कोल्हापूर-इचलकरंजीच्या फौंड्रीचालकाने गोणीवरचा स्वस्त भाव पाहताना हेही पाहावे.

दुसरी बाजूही निःपक्षपातीपणे सांगितली पाहिजे. संशय आला की माल ‘इतर रसायने’ या सदरात ढकलायचा, हा अधिकाऱ्यांचा सोपा मार्ग असतो. टायर-उद्योगातल्या एका लेटेक्सच्या प्रकरणात १९७५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने डनलॉपच्या बाजूने निकाल देताना बजावले, की ज्या वस्तूला नेमक्या नोंदीत न्याय्य जागा आहे, तिला उरलेल्यांच्या सदरात अनाथासारखे टाकू नये. आयातीच्या क्षणी वस्तू कशी होती ते पाहावे. नोंदीतच वापराचा उल्लेख नसेल तर पुढचा वापर गौण, हेही त्याच निकालात आहे. म्हणून प्रयोगशाळेला पर्याय नाही. क्ष-किरणांच्या परीक्षणात केओलिन आणि बेंटोनाइट यांची ठेवण स्पष्ट वेगळी दिसते. शुद्ध केओलिनाइट तापविले तर सुमारे १४ टक्के वजन घटते, आधीच भाजलेले तितके घटत नाही. कौटिल्याचे जाणकार पुरुष ते हेच!

२०११ पासून स्वयंनिर्धारणाची पद्धत आहे. वर्गीकरण प्रथम आयातदारच करतो, आणि जाणूनबुजून खोटे लिहिले असेल तर पाच वर्षे मागे जाऊन शुल्क मागता येते. हिशेबनिसावर किंवा दलालावर सोपवून मोकळे होण्याचा हा विषय नव्हे. माल मागविण्यापूर्वी पुरवठादाराकडून लेखी घ्यावे : माती भाजली आहे का, आम्ल किंवा सोडा घातला आहे का, कणांवर लेप आहे का. शंका राहिली तर अग्रिम निर्णयासाठी अर्ज करता येतो. त्याचे एक प्राधिकरण मुंबईतच आहे आणि कायद्याने तीन महिन्यांची मुदत घातली आहे. अर्जाचा नमुना आणि मघाची टीप यांच्या प्रती मागच्या मेजावर ठेवल्या आहेत. आता आपले प्रश्न घेऊ.