शाळेच्या कुंपणापासून शंभर वार



तंबाखू वाईट, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तेच पुन्हा सांगायला आज आम्ही बसलो नाही. तंबाखू कुठे विकायची, कोणाला विकायची, याचे नियम आहेत. ते ठाऊक असले तर दुकानापाशी उभं राहून दोन शब्द बोलता येतात. म्हणून आज नियमांबद्दल बोलू.

मुख्य कायदा २००३ सालचा. त्याला कोटपा म्हणतात. तो शहराला आणि खेड्याला सारखाच लागू आहे.

पहिला नियम वयाचा. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू, बिडी, सिगारेट विकायची नाही. ‘बाबांनी मागवलीय’ असं पोरगं म्हणालं तरी द्यायची नाही. घेणारा लहान नाही याची खात्री दुकानदारानेच करायची असते. आणि अठराच्या आतल्या मुलाला गल्ल्यावर बसवून त्याच्या हातून तंबाखू विकवणंही चालत नाही. शाळेतून आल्यावर लेकीला घटकाभर दुकानात बसवणाऱ्या आपल्यात कितीतरी जणी आहेत. त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरा नियम अंतराचा. शाळा-कॉलेजपासून शंभर वारांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. शंभर वार म्हणजे तीनशे फूट. आपल्या भाषेत सांगायचं तर अकरा नऊवारी लुगडी टोकाला टोक लावून अंथरली, की जवळजवळ तेवढं अंतर भरतं. ते मोजायचं शाळेच्या कुंपणापासून, सरळ रेषेत. रस्ता वळणाचा आहे, चालत लांब पडतं, ही सबब चालत नाही. या अंतरावर पिवळी रेघ आखावी, असं शाळांना सांगितलेलं आहे.

तिसरा नियम आपल्या राज्याचा. २०२० पासून महाराष्ट्रात सुटी बिडी, सुटी सिगारेट विकायला मनाई आहे. सुटी एक घेतली की पाकिटावरचं धोक्याचं चित्र दिसत नाही, आणि पोरांच्या खाऊच्या पैशात ती सहज येते. गुटख्यावर तर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

आता ज्यांची मुलं पुण्याला, नाशिकला शिकायला आहेत, त्यांच्यासाठी. शहरात कॉलेजांच्या आसपास वेप नावाची वस्तू लपूनछपून विकली जाते. दिसते पेनसारखी किंवा पेन ड्राइव्हसारखी. आत विजेवर तापणारं रासायनिक द्रव असतं. त्याला आंब्याचा, पुदिन्याचा वास असतो, म्हणून घरात कळत नाही. त्यातही बहुतेक वेळा निकोटीन असतं, म्हणजे तंबाखूची सवय लावणारं तेच द्रव्य. २०१९ च्या कायद्याने ती बनवणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळं देशभर बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलगा सुट्टीला आला की दरडावू नका. वस्तू कशी असते, ते आपल्याला ठाऊक आहे एवढं त्याला कळू द्या. मग तोच बोलेल.

कोणी म्हणेल, कोटपाचा दंड तर दोनशे रुपयांपर्यंतच, कोण भितंय? पण बालन्याय कायदाही आहे. लहान मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

मैत्रिणींनो, आता अवघड गोष्ट. शाळेसमोरची टपरी पुष्कळदा आपल्याच गटातल्या बाईची असते. एकटीवर घर आहे, आणि पुडीचा खप रोजचा, रोख. तिला भर बैठकीत दोष देऊन काय होणार? ती गट सोडेल, पुडी सोडणार नाही. आम्हाला वाटतं, गटाने आधी तिच्याशेजारी बसून हिशोब मांडावा. पुडीवर दिवसाला किती सुटतात? तेवढे वह्या-पेन, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, चहा यांतून सुटतील का? पहिले दोन-तीन महिने खोट येईल. त्यासाठी गटातून थोडं कर्ज देता येईल, हप्ता उशिरा सुरू करता येईल. नियम तिला एकटीला लावायचा नाही. शंभर वारांतल्या प्रत्येक दुकानाला तो सारखाच लागला पाहिजे, नाहीतर तिचं गिऱ्हाईक शेजारच्या टपरीवर जाईल.

म्हणून पुढच्या बैठकीआधी एवढं करा. चौघीजणी मुख्याध्यापकांना भेटा. टेप घेऊन कुंपणापासून अंतर मोजा. आत किती दुकानं येतात ते लिहून काढा आणि तो कागद ग्रामसभेत ठेवा. तरीही कोणी ऐकलं नाही, तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

शेवटी एक. मशेरी हीसुद्धा तंबाखूच. ज्यांना ती सोडायची आहे, त्यांच्यासाठी १८००११२३५६ हा फुकटचा नंबर आहे. तंबाखूच्या पाकिटावरही तो छापलेला असतो.

तुमच्या गावात मोजून किती दुकानं आत आली, ते आम्हाला जरूर कळवा.