गजांआडचे धर्मकार्य
सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करावेत असा ज्या धर्माचा आदेश, त्यातच आमरण मठाच्या गजांआड राहण्याचे व्रत कितपत ग्राह्य मानावे, ही तक्रार जुनीच आहे. मार्टिन ल्यूथरने तर १५२१ साली मठव्रतांविरुद्ध ग्रंथच रचला, आणि मठ म्हणजे आळसाला दिलेली इनामी जागा नव्हे काय, ही शंका अगदीच गैरवाजवी म्हणवत नाही. परंतु १८८८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, फ्रान्समधील लिझ्यूच्या कार्मेल मठात प्रविष्ट झालेली तेरेझा, धुणे धुताना समोरच्या भगिनीने तोंडावर उडविलेले मळके पाणी मुकाट्याने सोसणारी आणि चीनमधील धर्मप्रसारकाला पत्रांतून धीर देणारी, १८९७ मध्ये त्याच मठात क्षयाने वारली. पुढे १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी, देशोदेशी हिंडून अखेर गोव्यात विसावलेल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने, तिलाही धर्मप्रसारकार्याची आश्रयदात्री ठरविले. हा निवाडा आम्हांस रास्त वाटतो.