यूएलसी गेला, पण घर स्वस्त झालं का?

आजचा विषय ऐकायला एकदम सरकारी वाटेल. पण तुम्ही पुण्यात किंवा मुंबईत तिघं-चौघं मिळून एका फ्लॅटचं भाडं भरत असाल, तर तो थेट तुमचा आहे. विषय आहे यूएलसी, म्हणजे नागरी जमीन कमाल धारणा कायदा. २९ नोव्हेंबर २००७ ला महाराष्ट्रात तो रद्द झाला. आपल्यातले बरेच जण तेव्हा शाळेत होते. वाद मात्र अजून पूर्ण मिटलेला नाहीये.

आधी कायदा काय होता ते बघू. साल १९७६, आणीबाणी चालू. शहरात एका मालकाकडे मोकळी जमीन किती असावी, यावर संसदेनं मर्यादा घातली. मुंबईत ५०० चौरस मीटर, पुण्यात १,०००. त्यावरची जमीन सरकार घेणार आणि तीही जवळपास फुकटात. मुंबई-पुण्यात चौरस मीटरला जास्तीत जास्त १० रुपये, आणि एका मालकाला एकूण २ लाखांच्या वर नाही. काही थोड्या लोकांच्या हातात जमीन अडकू नये, ती सामान्यांच्या घरांसाठी मिळावी, ही कल्पना.

कल्पना चांगलीच होती. मग बिनसलं कुठे? कलम २० आणि कलम २१ मध्ये. कलम २० म्हणायचं, सार्वजनिक हित असेल किंवा मालकावर फारच अन्याय होत असेल, तर सरकार सूट देऊ शकतं. कलम २१ म्हणायचं, मालकानं दुर्बल घटकांसाठी घरं बांधायची हमी दिली, तर जमीन त्याच्याकडेच राहू शकते. आता कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल: नियम दोन ओळींचा आणि अपवाद पन्नास ओळींचे असले, की प्रोग्राम अपवादांवरच चालतो. देशभरात सुमारे २ लाख २० हजार हेक्टर जमीन जादा धरली गेली होती. सरकारच्या प्रत्यक्ष ताब्यात आली ती जेमतेम १९ हजार हेक्टर. बाकीची सूट, अपील आणि कोर्टाच्या स्टेमध्ये अडकली.

केंद्रानं १९९९ मध्ये हा कायदा रद्द केला आणि राज्यांना सांगितलं, तुम्ही ठराव करा आणि ही रद्दबातल लागू करून घ्या. महाराष्ट्रानं आठ वर्षं लावली. मध्ये २००५ मध्ये जेएनएनयूआरएम आली. शहरांच्या विकासासाठी केंद्राचा निधी हवा, तर ज्या सुधारणा करायच्या होत्या, त्यांत यूएलसी रद्द करणं ही एक होती.

तेव्हा दोन बाजू होत्या. रद्द करा म्हणणारे सांगायचे: कायद्यामुळे जमीन कुलूपबंद झालीये, सूट देण्यात भ्रष्टाचार आहे, जमीन बाजारात येऊ द्या, दर आपोआप उतरतील. ठेवा म्हणणारे, त्यात डावे पक्ष आणि घरांच्या हक्कासाठी लढणारे कार्यकर्ते, सांगायचे: मोठ्या मालकाकडून गरिबांसाठी जमीन घ्यायचं हे एकच हत्यार आहे. ते बोथट असेल तर धार लावा, फेकून काय देता?

मला दोघांचंही अर्धं पटतं. कायदा चालत नव्हता, हे खरंच. पण दर उतरले का, हे तुमच्या ब्रोकरला विचारा! अर्थात कायदा गेला म्हणूनच घरं महागली, असंही मी म्हणणार नाही. गृहकर्जं, नोकऱ्या, एफएसआय, सगळ्याचाच त्यात वाटा आहे. पण जमीन मोजक्या हातांत असेल, तर मालक ती एकदम विकायला काढत नाही. भाव चढतील तशी थोडी थोडी सोडतो.

गंमत म्हणजे, कायदा गेला तरी कलम २० खाली दिलेल्या सवलती आणि त्यांच्या अटी शिल्लक राहिल्या. त्या अटी अजून लागू आहेत का, यावर मुंबई हायकोर्टात लढाई झाली. २०१४ मध्ये पूर्णपीठानं सांगितलं, लागू आहेत. पुढे २०१९ मध्ये सरकारनं एकरकमी अधिमूल्य भरून अटींतून सुटायचा रस्ता दिला.

माझा मुद्दा इथे आहे. २००७ मध्ये भांडण झालं ते ‘ठेवा की काढा’ एवढ्यावरच. घरं बांधण्याच्या अटीवर कुणाला किती जमीन सुटली, त्यातली किती घरं उभी राहिली आणि कुणाला मिळाली, ही यादी आधी लोकांसमोर यायला हवी होती. एखादी सिस्टिम बंद करण्याआधी आपण तिचे लॉग वाचतो ना? मग कायद्याचे का नाही?

आणि हे फक्त इतिहासापुरतं नाहीये. २०१३ मध्ये दुसरा नियम आला: दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर प्रकल्प असेल, तर २० टक्के वाटा छोट्या, कमी उत्पन्न गटाच्या घरांना. म्हाडाच्या लॉटरीत ‘२० टक्के योजना’ दिसते ती हीच. उद्या हाही नियम काढा अशी मागणी आली, तर बाजू घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: आतापर्यंतचा हिशोब कुठे आहे?

जाता जाता कामाची गोष्ट. जुन्या सोसायटीत किंवा रीडेव्हलपमेंटमध्ये फ्लॅट घेताय? मग प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारावर यूएलसीची, कलम २० ची नोंद आहे का, ते वकिलाकडून तपासून घ्या. टोकन देण्याआधी, नंतर नाही.

तुमच्या भागात २० टक्क्यांतली घरं उभी राहिली असतील, तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!