कामाचे शहाणपण कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कारखाना कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न समाजवादी चळवळीने जन्मापासून विचारला. मजुरीचा दर, कामाचे तास, बोनस, महागाई भत्ता यांसाठी ती लढली आणि त्या लढ्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कारखान्याच्या आत, प्रत्यक्ष यंत्राशेजारी, काम कसे वाटावयाचे, त्यातील चूक कोणी शोधावयाची, ती सुधारण्याचा अधिकार कोणाला असावयाचा, हा प्रश्न चळवळीने बहुधा व्यवस्थापकांवर सोपवून दिला. जणू तो निव्वळ तांत्रिक प्रश्न होता.

या बाबतीत थोरामोठ्यांचीही दृष्टी डळमळली आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने 1911 साली आपले 'शास्त्रीय व्यवस्थापना'चे तत्त्व ग्रंथरूपाने मांडले. त्याचे सार असे की, कामाविषयीचे सगळे ज्ञान कामगाराच्या डोक्यातून काढून व्यवस्थापनाच्या कचेरीत जमा करावे आणि तेथून ते हुकमांच्या रूपाने परत कामगाराकडे पाठवावे. लेनिनने 1914 साली या पद्धतीला यंत्राकरवी माणसाला गुलाम करणारी पद्धती म्हटले. तोच लेनिन 1918 साली, सत्ता हाती आल्यावर, टेलरची पद्धती रशियात अभ्यासावी आणि शिकवावी असे सांगू लागला. दुष्काळाने व युद्धाने पोळलेल्या देशात उत्पादन वाढविण्याची निकड होती हे खरे. तथापि मालक बदलला की तीच पद्धती निरुपद्रवी होते, हे गृहीतक त्यात दडलेले होते. ते गृहीतक पारखून पाहण्याची संधी पुढे इंग्लंडातील कोळशाच्या खाणींनी दिली.

1 जानेवारी 1947 रोजी मजूर पक्षाच्या सरकारने ब्रिटनमधील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण केले. खाणी लोकांच्या झाल्या, परंतु गैरहजेरी कमी होईना आणि नवी यंत्रे बसवूनही उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील एरिक ट्रिस्ट आणि पूर्वी स्वतः खाणकामगार असलेला केन बॅमफर्थ यांनी याचा शोध घेतला व 1951 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. यंत्रे येण्यापूर्वी खाणीत दोघादोघांच्या जोड्या काम करीत. जोडीदार एकमेकांना निवडीत. कोळसा फोडणे, भरणे, छताला आधार देणे, ही सारी कामे त्या दोघांना येत. यंत्राबरोबर 'लाँगवॉल' पद्धती आली. सुमारे चाळीस माणसे तीन पाळ्यांत विभागली गेली. एका पाळीने कोळसा कापावयाचा, दुसरीने वाहक पट्टा पुढे सरकवावयाचा, तिसरीने कोळसा भरावयाचा. प्रत्येकाला एकच काम आणि प्रत्येक कामाचा दर निराळा. पहिल्या पाळीने काही अर्धवट सोडले की तिसऱ्या पाळीच्या गळ्यात ते पडे, आणि ज्याने सोडले तो तोवर घरी जाऊन झोपलेला असे. भूगर्भातील अंधारात मुकादम लक्ष तरी कोणाकोणावर ठेवणार? एकमेकांवर खापर फोडणे हाच मग तेथील नित्यक्रम झाला.

आश्चर्याची गोष्ट अशी की, यावरचा उपाय संशोधकांनी शोधलेला नव्हता. काही खाणींत कामगारांनी, त्यांच्या संघटनेने आणि तेथल्या व्यवस्थापकाने बोलणी करून तो आधीच अमलात आणला होता. यंत्र तेच, कोळशाचा थरही तसाच. पण सर्व पाळ्यांचा मिळून एकच गट, सर्वांची मिळून एकच मजुरी, आणि मागल्या पाळीने जेथे काम सोडले असेल तेथून पुढच्या पाळीने ते उचलावयाचे. कोणी कोणते काम करावयाचे हे गट ठरवी आणि आळीपाळीने बदली. डरहॅम भागातील खाणींची तुलना 1963 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जुन्या वाटणीच्या गटाने कोळसाथराच्या अंदाजित क्षमतेच्या 78 टक्के उत्पादन काढले होते, नव्या गटाने 95 टक्के. गैरहजेरी 20 टक्क्यांवरून 8.2 टक्क्यांवर आली होती आणि तिच्यातील अपघातांमुळे होणारी गैरहजेरी निम्म्याहूनही खाली गेली होती. हे सर्व राष्ट्राच्या मालकीच्या खाणींत घडत असताना राष्ट्रीय कोळसा मंडळाने त्या पद्धतीच्या प्रसारासाठी उत्साह दाखविला नाही. मालकी लोकांची झाली होती. हुकमाची साखळी मात्र टेलरचीच राहिली होती.

यानंतरचा प्रयोग आपल्या देशातला, अहमदाबादच्या कॅलिको गिरणीतला आहे. मुंबईच्या गिरणगावात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना त्यातील बारकावे चटकन उमगतील. टॅव्हिस्टॉक संस्थेचाच ए. के. राइस 1953 साली तेथे आला. गिरणीने नुकतेच स्वयंचलित साचे बसविले होते. साचे नवे, कामाचा अभ्यास होऊन प्रत्येकाला नेमून दिलेला भारही शास्त्रोक्त, तरी कापड ना नीट निघे ना पुरेसे निघे. एका शेडमध्ये 224 साचे होते. त्यांवर 29 माणसे होती आणि त्यांच्यात बारा प्रकारची कामे वाटलेली होती. विणकर चोवीस किंवा बत्तीस साचे पाही. कांड्या भरणारा चाळीस-पन्नास साच्यांना पुरवठा करी. जॉबर 112 साच्यांचा. तेलवाला सगळ्या 224 साच्यांचा. प्रत्येकाची हद्द दुसऱ्याच्या हद्दीशी न जुळणारी. धागा तुटून साचा उभा राहिला की विणकराने ज्याला हाक मारावयाची तो माणूस त्याच वेळी दुसऱ्या तिघांच्या हाकेत अडकलेला असे. कागदावर प्रत्येकाचे काम चोख होते, पण एका विणकराच्या वाट्याला पुरा असा एकही मदतनीस नव्हता; कोणाचा अर्धा आला होता, कोणाचा पाव.

राइसने सुचविले ते अगदी साधे होते. ठरावीक साच्यांचा एक संच करावा आणि तो सात जणांच्या गटाकडे सोपवावा. बारा कामांच्या श्रेणी कमी करून त्यांची थोडक्यात जुळणी करावी. गटाचा एक अग्रणी असावा आणि वरिष्ठांनी गटाच्या आतील वाटणीत हात घालू नये. व्यवस्थापनात या कल्पनेची चर्चा चालू असतानाच ती शेडमध्ये पोहोचली आणि कामगारांनी ती तत्काळ उचलली. कोण कोणाबरोबर काम करणार हे त्यांनी आपसांत ठरवून प्रायोगिक गट उभेदेखील केले. सुरुवातीला घसरण झाली, वरिष्ठांचा धीर सुटू लागला, काही फेरबदल करावे लागले. परंतु गट स्थिरावले तेव्हा साच्यांची कार्यक्षमता सुमारे 80 टक्क्यांवरून 95 टक्क्यांपर्यंत चढली आणि सदोष कापडाचे प्रमाण सुमारे 32 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर उतरले. माणसे तीच होती, साचेही तेच होते.

येथे एका गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही, आणि राइसच्या इंग्रजी वाचकांना ती बहुधा सुचलीही नसेल. 'आपापले सोबती निवडा' हे वाक्य जातिग्रस्त समाजात कानाला गोड लागते, पण त्याचा अर्थ भयंकर होऊ शकतो. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तो धोटा हातोहाती फिरे. विटाळाची सबब तेथून निघाली. साचेखात्यात मजुरी अधिक होती, म्हणजे विटाळाला रोकड किंमतही होती. 1928 च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला आणि ही बंदी उठविण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घेण्याचा आग्रह धरला. कामगारांचे सहकार्य आपोआप उगवते असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा. ज्या खात्यात माणसालाच प्रवेश नाही, तेथे त्याच्या अनुभवातून कोणी काही शिकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

त्याच संपातील दुसरा मुद्दाही प्रस्तुत विषयाशी निगडित आहे. दोनाऐवजी तीन साचे चालवावेत, अशा 'कार्यक्षमते'च्या योजना तेव्हा मालकांनी पुढे आणल्या होत्या आणि कामगारांनी त्यांना कडवा विरोध केला. त्या विरोधाला अडाणीपणा म्हणण्याची रीत अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत बराच काळ होती. वस्तुतः कामगाराचा हिशेब अचूक होता. तीन साचे चालविण्याची युक्ती त्याने शोधून दाखविली, तर त्याचा शेजारी रस्त्यावर येणार होता. ज्या शहाणपणाचे फळ बेकारी आहे ते शहाणपण शहाणा माणूस पोटात ठेवतो. जगातील कोणत्याही कारखान्यात सुधारणेच्या सूचना का येत नाहीत याचा शोध घेऊ लागल्यास बहुधा याच ठिकाणी येऊन थांबावे लागते.

हे ओळखून वागलेला एक कारखाना भांडवलशाहीच्या माहेरघरातच होऊन गेला. कॅलिफोर्नियात फ्रिमाँट येथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. संप, तक्रारी आणि सुमारे 20 टक्के गैरहजेरी यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. 1982 साली कंपनीने तो बंद केला. 1984 साली टोयोटाशी भागीदारी करून 'नुम्मी' या नावाने तो पुन्हा सुरू झाला. कामगारांपैकी चार-पंचमांशाहून अधिक जुनेच होते, संघटनाही तीच, युनायटेड ऑटो वर्कर्स. कामगारांचे गट जपानमध्ये नेऊन शिकविले गेले. दोष दिसताच कोणाही कामगाराने दोरी ओढावी, गरज पडल्यास सारी रांग थांबवावी, अशी मुभा मिळाली. जुन्या कारखान्यात रांग थांबविणे हा गुन्हा होता. कामाच्या डझनावारी श्रेणी मोडून मोजक्याच ठेवल्या गेल्या. आणि मुख्य म्हणजे, कंपनीचे अस्तित्वच धोक्यात आल्याखेरीज कोणाला काढणार नाही, असे वचन करारात आले. 1988 च्या सुमारास विक्री घसरली तेव्हा ते वचन पाळले गेले. रिकाम्या झालेल्या हातांना शिक्षण आणि सुधारणेची कामे दिली गेली. गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली आणि मोटारींचा दर्जा जपानी कारखान्यांच्या तोडीस गेला.

हे चित्र रंगवून सांगणाऱ्यांची उणीव नाही. म्हणून त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. पॉल ॲडलर या अभ्यासकाने या कारखान्याची बाजू सहानुभूतीने मांडली, आणि त्याचाच हिशेब सांगतो की जुन्या कारखान्यात कामगार मिनिटातील साठ सेकंदांपैकी सुमारे 45 सेकंद कामात असे, नव्यात 57. कामगार चळवळीतील टीकाकारांनी याला ताणावर चालणारे व्यवस्थापन म्हटले आणि तो आरोप निराधार नव्हता. कामगाराने स्वतःच हातात घड्याळ घेऊन आपल्या कामाचा अभ्यास केला, म्हणजे टेलर गेला असे नव्हे. टेलरचे घड्याळ कोणाच्या हाती आहे, एवढे बदलले. तो बदल क्षुल्लक आहे असेही म्हणता येत नाही. ज्यांनी दोन्ही व्यवस्था भोगल्या त्या कामगारांपैकी बहुतेकांना जुनी परत नको होती.

जनरल मोटर्सने मात्र आपल्याच भागीदारीतील या कारखान्यापासून वर्षानुवर्षे फारच थोडे शिकले. दोरी इतर कारखान्यांत टांगता आली. ती ओढणाऱ्यावर मुकादम डोळे वटारणार नाही हा विश्वास टांगता येईना. 2009 साली ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि भागीदारीतून बाहेर पडली. टोयोटानेही हात काढून घेतला आणि 1 एप्रिल 2010 रोजी 'नुम्मी' बंद झाली. सुमारे 4,700 कामगार घरी गेले. दर्जा, हजेरी, शिस्त, यांपैकी कशातही ते कमी पडले नव्हते.

कॅलिकोतील गटांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी एरिक मिलर 1970 साली अहमदाबादला परत आला. एका शेडमध्ये गटांची पद्धती आणि उत्पादनाची पातळी जवळजवळ जशीच्या तशी टिकून होती. अन्यत्र ती विरून गेली होती. कापडाचे प्रकार वारंवार बदलू लागले, बाजाराचा ताण वाढला, तसे वरिष्ठ पुन्हा गटाच्या आत हात घालू लागले आणि माणसे आपापल्या जुन्या हद्दीत परतली. या पद्धतीचा आग्रह धरणारे गिरणीत कोणी उरले नव्हते. तिच्या रक्षणासाठी करार नव्हता, कामगार संघटनेने ती आपली मानून जपली असेही घडले नाही. मजूर महाजनासारखी, लवादाची मुरलेली परंपरा असलेली संघटना त्या शहरात होती. पण दराचा तंटा जसा लवादाकडे जाई, तसा गटाच्या स्वायत्ततेचा तंटा नेण्याची वाटच नव्हती.

अशी वाट काढण्याचे प्रयत्न भारतीय कायद्याने केले नाहीत असे नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यांत कार्यसमित्यांची तरतूद केली. पंखे, पिण्याचे पाणी आणि उपाहारगृहातील चहा यांच्यापलीकडे त्या क्वचितच गेल्या. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे कलम 43-अ मार्गदर्शक तत्त्वांत घातले. आणीबाणीत घातलेले कलम, त्यामुळे त्याच्याकडे प्रेमाने पाहिले कोणी नाही. 1990 साली त्या कलमाला हातपाय देणारे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. ते संमत झाले नाही. पडून राहिले आणि अखेर मागे घेतले गेले.

आणि कुर्ल्याचा कमानी ट्यूब्जचा कारखाना. मालक घराण्यातील भांडणांत तो बंद पडला, तेव्हा कामगारांच्या संघटनेने सहकारी संस्था काढून तो स्वतः चालविण्याची योजना आखली. 1988 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तिला संमती दिली. कामगारांनी आपली देणी आणि पुंजी त्यात घातली, नळ्या पुन्हा बाजारात जाऊ लागल्या, पहिली काही वर्षे उमेदीची गेली. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून तो अडचणीत आला. भांडवलाची चणचण, तांब्यापितळेच्या बाजारातील चढउतार, ही कारणे सगळेच सांगतात आणि ती खरी आहेत. भट्टीजवळच्या माणसाला आपल्याच मालकीच्या कारखान्यात काम कसे व्हावे यावर किती बोलता येत होते, व्यवस्थापक आणि संघटनेचे पुढारी यांच्या ओढाताणीत त्याचे बोलणे कोठे नोंदले जात होते, या अंगाने त्या वर्षांकडे पाहावयास हवे. त्या कारखान्यात राबलेली माणसे आज वृद्ध झाली आहेत. त्यांच्याकडे जाऊन हे विचारून लिहून घेण्याचे काम कार्यकर्त्यांना अजूनही करता येण्याजोगे आहे.